काटेसाहेब प्रोसेसर तोलतात

काटेसाहेबांचं खरं आडनाव काटे नव्हतं. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून लागल्यावर बाजारातल्या लोकांनी त्यांना हे नाव दिलं. ते बाजारातून सोसायटीत आलं, सोसायटीतून घरात शिरलं आणि इतकं मुरलं, की कोणी खऱ्या आडनावाने हाक मारली तर हा माणूस कोणाला बोलावतोय म्हणून साहेब स्वतःच मागे वळून बघत. भाजी घरी आली की ती पुन्हा तोलली जाई. शिंप्याने शिवलेल्या शर्टाच्या दोन्ही बाह्या पट्टीने मोजल्या जात. दुकानदार हसून बोलला की साहेबांना संशय यायचा, आणि न हसता बोलला की खात्री पटायची.

त्यांच्या पत्नी शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्यांना सगळेच बाई म्हणत. रंगीत कागद कापून त्या प्राणी बनवत, ते केसाएवढे सरकवत, फोटो काढत, पुन्हा सरकवत, आणि असले हजारो फोटो कॉम्प्युटरवर जोडून त्यांचा सिनेमा करत. यंदाच्या सिनेमात एक हत्ती लिफ्टमध्ये अडकला होता. हत्ती तसा गुणी होता, पण पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या मुंगीच्या वाढदिवसाला निघाला होता आणि जिने चढायचा त्याला कंटाळा होता. मुलांच्या सिनेमांचा एक मोठा मेळावा भरणार होता, तिथे या हत्तीची निवड झाली होती. अट एवढीच, की महिनाअखेरीपर्यंत पूर्ण सिनेमा त्यांच्या हाती पडला पाहिजे.

अडचण हत्तीची नव्हती, कॉम्प्युटरची होती. तो चालू करून बाईंनी स्वयंपाक उरकावा, केस विंचरावेत, एखादं पातळ इस्त्री करावं, मग कुठे पडद्यावर काहीतरी उगवे. फोटो जोडायला घेतले की पंखा असा घोंघावे, की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघत. आणि हत्तीचा एक पाय लिफ्टच्या बाहेर आला रे आला, की सगळं एकदम अंधारून बंद. पुन्हा पहिल्यापासून.

एका रविवारी दुपारी हे चौथ्यांदा की पाचव्यांदा झालं. बाई चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी हातातली कात्री टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "राहू दे. कळवून टाकते त्यांना, नाही जमत म्हणून."

साहेब पेपर वाचत होते. एवढ्या वर्षांच्या संसारात 'नाही जमत' हे शब्द त्यांनी बाईंच्या तोंडून ऐकले नव्हते. जमत नसलेल्या गोष्टी त्या दोघांमध्ये नेहमी साहेबच करत आले होते. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"प्रोसेसर बदलू," ते म्हणाले.

"काय बदलू?"

"प्रोसेसर. कॉम्प्युटरचा मेंदू असतो तो. मी बघतो."

"अहो, त्यापेक्षा दुकानात नेऊन द्या. ते लोक काय लागेल ते बसवून देतील."

"दुकानदार जे देईल ते घेऊन यायला मी निरीक्षक कशाला झालो?" साहेब उठून उभे राहिले. "निवड माझी. बसवणारही मीच."

बाईंनी कात्री पुन्हा उचलली नाही, पण 'कळवून टाकते' हेही पुन्हा म्हणाल्या नाहीत.

साहेबांची चूक एवढीच झाली, की ही गोष्ट त्यांनी जिन्यात बोलून दाखवली. जिन्यात भेटले कर्नल. हे गृहस्थ सैन्यात कधीच नव्हते. टपाल खात्यातून निवृत्त झाले होते. पण कणा ताठ, मिशा ताठ आणि मतंही ताठ, म्हणून कर्नल.

"प्रोसेसर? लाल डबीतला घ्या," कर्नल म्हणाले. "निळ्या डबीतला अजिबात नको. निळ्यावाल्यांची सगळी कीर्ती जुनी आहे."

"तुमच्याकडे लाल आहे का?"

"माझ्याकडे कॉम्प्युटरच नाही. पण मी वाचतो."

संध्याकाळी बाईंचा धाकटा भाऊ आला. हा मेहुणा मोटारी विकायचा, त्यामुळे कुठल्याही यंत्राविषयी तो छातीठोकपणे बोलू शके. "भाऊजी, निळी डबी. डोळे मिटून निळी डबी. आणि कोअर किती आहेत ते बघा. कोअर म्हणजे आत काम करणारी माणसं समजा. जितकी जास्त, तितकं काम भराभर."

"कर्नल लाल म्हणतात."

"कर्नलांनी उभ्या जन्मात पत्राला शिक्का मारण्यापलीकडे काय केलंय?"

हे वाक्य भिंतीपलीकडे गेलं. सोसायटीच्या भिंती कोणी बांधल्या होत्या देव जाणे, पण बातमी अडवण्याचं काम त्यांनी कधीच केलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून इमारतीत दोन तट पडले. लालवाले गच्चीत जमत, निळेवाले पार्किंगमध्ये. ज्यांच्या घरात कॅल्क्युलेटरही नव्हता ते एकमेकांना वेग, उष्णता आणि नॅनोमीटर ऐकवू लागले. तळमजल्यावरच्या आजींनी साहेबांना थांबवून, "घरात सून आणताय का?" असं विचारलं. कारण येता-जाता जो तो 'लाल की निळा' म्हणत होता, त्यांना वाटलं शालूबद्दल चाललंय.

त्यातच सोसायटीच्या सेक्रेटरींची चिठ्ठी आली. नवा शक्तिमान कॉम्प्युटर बसवल्यास इमारतीच्या वीजवाहिनीवर ताण पडण्याची शक्यता असल्याने समितीची पूर्वपरवानगी घ्यावी. साहेब परवानगी मागायला गेले तर सेक्रेटरी म्हणाले, आधी वीज कंपनीचं ना हरकत पत्र आणा. वीज कंपनीतला माणूस म्हणाला, असलं पत्र आम्ही देत नाही. सेक्रेटरी म्हणाले, मग देत नाही असं त्यांच्याकडून लेखी आणा.

साहेबांचा संयम तिथे संपला. ते घरी गेले, खात्यात वापरायला शिकलेलं एक वीज मोजायचं यंत्र घेऊन परत आले आणि सेक्रेटरींच्याच घरात त्यांनी ते इस्त्रीला लावलं. मग पाणी तापवायच्या यंत्राला. आकडे मोठ्याने वाचून दाखवले.

"तुमच्या दोन शर्टांच्या घड्यांवर जेवढी वीज जाते," साहेब म्हणाले, "तेवढ्यात माझा कॉम्प्युटर दुपारभर चालेल. आधी तुमच्या शर्टांची परवानगी कोणी दिली ते दाखवा."

सेक्रेटरींच्या पत्नी आतून म्हणाल्या, "कधीपासून सांगतेय मी, इस्त्री बाहेर द्या म्हणून." परवानगी तिथल्या तिथे मिळाली.

आता उरलं दुकान. बाजारात कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं एकच मोठं दुकान होतं, आणि काटेसाहेब पायऱ्या चढले तेव्हा त्याचा मालक गल्ल्यामागून उठून, शर्टाचं वरचं बटण लावत पुढे आला. साहेबांनी त्याला ओळखलं नाही. त्याने मात्र ओळखलं. कॉम्प्युटरच्या आधी त्याचं धान्याचं दुकान होतं आणि त्या दुकानाचा तराजू याच हातांनी जप्त झाला होता.

"मला प्रोसेसर बघायचाय," साहेब म्हणाले. "हा लाल कसा आहे?"

"उत्तम, साहेब."

"आणि हा निळा?"

"अतिउत्तम."

"म्हणजे निळा जास्त चांगला?"

दुकानदाराने साहेबांच्या भुवयांकडे बघितलं. "तसं मी कुठे म्हटलं, साहेब? तुम्ही म्हणाल तो जास्त चांगला."

"या लालमध्ये सोळा कोअर आहेत म्हणता?"

"आपण म्हणत असाल तर सोळा."

साहेबांनी आयुष्यभर खोटं बोलणारे दुकानदार पाहिले होते, पण काहीच न बोलणारा हा पहिलाच. त्याला विचारणं म्हणजे आरशाला विचारण्यासारखं होतं. शेवटी त्यांनी स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेतला. कर्नलांचा मान राखायला डबी लाल घेतली, मेहुण्याचा मान राखायला कोअर भरपूर घेतले. दोन्ही पक्ष खूश होतील अशी निवड करून ते विजयी मुद्रेने घरी आले. दुकानदार दारापर्यंत सोडायला आला. त्याच्या ओठांवर काहीतरी होतं, ते त्याने गिळलं.

घरी डबी उघडली. आत बिस्किटाएवढी चौकोनी चकती, खालच्या अंगाला सोनेरी ठिपके. साहेबांनी जुना कॉम्प्युटर उघडला, जुना प्रोसेसर काढला. त्याला बारीक बारीक पाय होते, आणि बोर्डावर त्या पायांसाठी भोकं. नव्याला पायच नव्हते.

"उलटा बसत असेल," साहेब म्हणाले. उलटा बसला नाही. आडवाही बसला नाही.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले आणि घडल्या प्रकाराचा उल्लेख न करता म्हणाले, "बोर्डही बदलावा म्हणतो."

"फार चांगला विचार, साहेब," दुकानदार म्हणाला आणि त्याने लगेच बोर्ड पुढे ठेवला. तो आधीच काढून तयार ठेवलेला होता.

बोर्ड घरी आला तर मेमरीच्या जुन्या पट्ट्यांची खाच त्याला जुळेना. साहेब पुन्हा दुकानात. नव्या पट्ट्या आल्या, तर प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा पेटीच्या बाहेर चार बोटं डोकं काढून बसला. साहेब पुन्हा दुकानात. दर वेळी ते नवीन काहीतरी 'बदलावं म्हणतो' असं म्हणत आणि दुकानदार दर वेळी त्या विचाराची स्तुती करून वस्तू पुढे सरकवी. शेवटी नवी पेटी आली तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "अहो, आता जुन्या कॉम्प्युटरचं नक्की काय उरलंय?"

साहेबांनी विचार केला. "माऊस," ते म्हणाले.

सगळं जोडून झालं त्या संध्याकाळी दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गच्चीवाले एका बाजूला, पार्किंगवाले दुसऱ्या बाजूला, मध्ये सेक्रेटरी. मेहुणा मिठाईचा पुडा घेऊन आला होता. साहेबांनी बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

पडदा काळाच राहिला.

टाळ्या एकेक करून थांबल्या. साहेबांनी वायर काढून पुन्हा लावली. पडद्याचं बटण दाबलं. पेटीला हलकीशी थाप मारली.

"मी म्हटलं होतं, निळी घ्या," मेहुणा म्हणाला.

"लाल डबीत दोष नाही, कोअर मोजत बसलात ते चुकलं," कर्नल म्हणाले.

"वीजवाहिनीवर ताण आला असणार," सेक्रेटरी म्हणाले.

साहेबांनी बटण बंद केलं. दुसऱ्यांच्या तराजूत खोट काढत ज्याने नोकरी केली, त्याच्याच पदरात आज सगळ्यांदेखत खोटा माल पडला होता, आणि तो त्याने स्वतः निवडून आणला होता. मंडळी पांगली. पांगताना कोणीतरी हसलं. मिठाईचा पुडा तसाच राहिला. बाई काळ्या पडद्यासमोर बसून होत्या. तिथूनच म्हणाल्या, "तुम्ही केलंत एवढं, तेच पुष्कळ."

याहून जास्त लागेल असं दुसरं वाक्य जगात नव्हतं. कोणी तोंडावर मूर्ख म्हटलं असतं तर साहेबांनी उत्तर दिलं असतं. समजूत घातल्यावर माणूस काय उत्तर देणार?

सकाळी दुकान उघडायच्या आधीच साहेब पायरीवर उभे होते. दुकानदार आला आणि त्याचा हात आपोआप बटणाकडे गेला.

"चूक झाली," साहेब म्हणाले.

"कोणाची, साहेब?" दुकानदाराचा आवाज चिरकला.

"माझी. पडदा काळा आहे. मला यातलं काही कळत नाही. तुम्हाला कळतं. सांगा."

दुकानदार कुलूप हातात घेऊन तसाच पायरीवर बसला. मग इतके दिवस तुंबलेलं सगळं एकदम फुटलं. "अहो साहेब, त्या प्रोसेसरला चित्र काढताच येत नाही! त्यासाठी वेगळं कार्ड लागतं. तुमच्या जुन्या बोर्डाला तो बसणारच नव्हता. ती मेमरी चालणार नव्हती. तो पंखा त्या पेटीत मावणार नव्हता. पहिल्या दिवसापासून मला हे सगळं ठाऊक होतं!"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्यासमोर मी एकदाच बोललो होतो. 'तराजू बरोबर आहे' म्हणालो होतो."

साहेबांनी त्याच्याकडे नीट बघितलं. तराजू आठवला. माणूसही आठवला. "तो बरोबर नव्हता," ते म्हणाले.

"नव्हताच. म्हणून तर आता गप्प बसतो."

दोघेही हसले. साहेबांची दुकानदारासोबत हसण्याची बहुधा ती पहिलीच वेळ. मग ते म्हणाले, "आता सांगा. कुठला घेऊ?"

"माझं ऐकाल तर निळा घ्या. सगळ्यात मोठा."

"का?"

"सगळे घेतात."

आणि इथे काटेसाहेबांच्या आतला निरीक्षक, जो रात्रभर मान खाली घालून बसला होता, तो ताठ झाला. कर्नल वाचतात म्हणून लाल. मेहुणा म्हणतो म्हणून कोअर. हा म्हणतो सगळे घेतात. एवढ्या माणसांमधून एकानेही अजून काटा लावला नव्हता! आणि आपण? आपण तरी कुठे लावला? भाजी दोनदा तोलणारे आपण, प्रोसेसर मात्र लोकांच्या शब्दावर विश्वासून घेऊन आलो.

"मत नको," साहेब म्हणाले. "मोजून दाखवा. तुमच्याकडे किती प्रोसेसर चालू यंत्रांमध्ये बसवलेले आहेत?"

"पुढच्या टेबलावर मांडलेत तेवढे, साहेब. लाल, निळे, सगळे."

"दुपारी येतो. हत्तीला घेऊन येतो."

दुपारी बाई आल्या. त्यांच्या पर्समधल्या पेनड्राइव्हमध्ये हत्ती होता. लिफ्टमधून पाय बाहेर काढतो, नेमका तेवढाच तुकडा. साहेबांनी दुकानाचा ताबा घेतला. सगळ्या यंत्रांवर बाईंचाच प्रोग्राम, तोच तुकडा, तेवढेच फोटो. दुसरं काहीही चालू ठेवायचं नाही. पंख्याचा वारा एका यंत्राला जास्त लागत होता म्हणून पंखा हलवला. बातमी कशी कोण जाणे, पण इमारतीत पोचली होती. कर्नल आले, मेहुणा गिऱ्हाईक अर्धवट सोडून आला. दोघांनाही साहेबांनी खडूची रेघ मारून तिच्या पलीकडे उभं केलं.

"टेबलाला कोणी हात लावायचा नाही. बोलायचं नाही. कर्नल, श्वास जरा हळू."

घड्याळ हातात घेऊन साहेबांनी खूण केली. दुकानात एवढी शांतता झाली, की रस्त्यावरचं गिऱ्हाईक आत येऊन, काहीतरी दुःखद घडलंय असं समजून परत गेलं.

सोळा कोअरच्या यंत्रावर साहेब वाकले. पडद्याच्या कोपऱ्यात प्रत्येक कोअर किती राबतोय त्याची आलेखपट्टी हलत होती. एक कोअर घाम गाळत होता. दुसरा त्याला थोडाफार हात देत होता. बाकीचे चौदा निवांत बसले होते.

साहेबांचा चेहरा उजळला. "अहो, हे तर आमचं ऑफिस!"

बाई पुढे झाल्या. "म्हणजे माझा प्रोग्राम एकाच कोअरला कामाला लावतो?"

"वर्षानुवर्षं तसंच चालत असणार. मग उगाच चौदा जणांची भरती कशाला करायची? एकच ठेवू, पण चपळ!"

तेवढ्यात टेबलाच्या टोकाच्या यंत्रातून टिंग असा आवाज आला. कोणाचंच लक्ष नसलेली एक मधली डबी. ना सगळ्यात मोठी, ना सगळ्यात नवी. कोअर मोजके, पण एकेक कोअर वाघासारखा, आणि चित्र काढण्याची सोय आतच. हत्तीने पाय बाहेर काढला होता. सोळा कोअरवाल्याचा हत्ती अजून लिफ्टचं दार चाचपडत होता. सगळ्यात मोठा निळा दुसरा आला, तोही तापून.

साहेबांनी पुन्हा एकदा चाचणी घेतली. यंत्रांच्या जागा बदलून तिसऱ्यांदा घेतली. निकाल तोच.

"डबीचा रंग?" कर्नलांनी रेघेपलीकडून विचारलं.

"लाल," दुकानदार म्हणाला.

कर्नलांनी मिशीला हात घातला.

"पण कळलं ते कोअर बघितल्यामुळे," साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्ही दोघेही अर्धे चूक." मेहुण्याने अर्ध्यावर समाधान मानलं. मोटारी विकणाऱ्याला अर्ध्यावर समाधान मानायची सवय असते.

ती डबी नव्या बोर्डावर चपखल बसणारी होती, मेमरीला चालणारी होती, आणि दुकानदाराने सोळावाला कुरकुर न करता परत घेतला. साहेबांनी घरी येऊन ती स्वतःच्या हाताने बसवली. या वेळी दिवाणखान्यात कोणाला बोलावलं नव्हतं. बटण दाबलं, आणि पडदा असा लख्ख उजळला, की बाईंनी साहेबांचा दंड घट्ट धरला.

त्यानंतर घरात दुसरा आवाज नव्हता. पंखा घोंघावला नाही, अंधारून आलं नाही. हत्तीने एक पाय काढला, दुसरा काढला, सोंड काढली. बाई एकामागून एक तुकडे जोडत राहिल्या. मध्येच त्यांना वाटलं, मुंगीच्या दारात हत्तीला थोडं लाजवावं. पूर्वी असल्या विचाराला त्या घाबरत, कारण त्यात आठवडा जाई. आता त्यांनी लाजवलं, बघितलं, पसंत पडलं नाही म्हणून आणखी लाजवलं. महिना संपायच्या आधीच सिनेमा मेळाव्यात पोचला, आणि बाईंनी नव्या सिनेमासाठी जिराफ कापायला घेतला.

मेळाव्याच्या दिवशी सभागृह मुलांनी खच्चून भरलं होतं. आपली सगळी इमारत आली होती. लालवाले, निळेवाले शेजारी शेजारी बसले होते. सेक्रेटरी बिनइस्त्रीच्या शर्टात होते. दुकानदार सहकुटुंब आला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "हत्ती पहिल्यांदा आमच्या दुकानात बाहेर आला."

अंधार झाला. हत्ती अडकला तेव्हा मुलं ओरडली, सुटला तेव्हा उभी राहून नाचली, लाजला तेव्हा एका मुलीने जागेवरून मोठ्याने विचारलं, "तो लाजतोय का?" आणि सगळं सभागृह हसलं. साहेबांनी बाईंकडे चोरून बघितलं. पडद्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर होता आणि त्या मुलांकडे बघत होत्या, सिनेमाकडे नव्हे.

शेवटी नावं आली. चित्रं, कथा, दिग्दर्शन, सगळीकडे बाईंचंच नाव. आणि त्याखाली, मोठ्या अक्षरांत, एक वेगळी ओळ:

प्रोसेसर : माझे यजमान

सभागृह हसण्याने दणाणलं. कर्नल मांडीवर थाप मारून हसले. साहेब क्षणभर कावरेबावरे झाले. एवढ्या लोकांसमोर, एवढ्या मोठ्या अक्षरांत! मग त्यांनी कोट सारखा केला, खुर्चीतून उठले, आणि टाळ्या पूर्ण थांबेपर्यंत, एकेका रांगेकडे वळून, सावकाश नमस्कार करत राहिले.